पाळ, तुडुम आणि अंदाजपत्रक

नागऱ्याला या परिषदेसाठी आल्यावर प्राचीन शिवमंदिराबद्दल बोलावे ही अपेक्षा रास्त आहे. पण देवळाची निगा राखायला पुरातत्त्वाचे जाणकार आहेत. मला बोलायचे आहे ते आपल्या मामा तलावांबद्दल, म्हणजे माजी मालगुजारी तलावांबद्दल. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात इतके तलाव कशासाठी, असे बाहेरचा माणूस विचारतो. उत्तर धानात आहे. पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि भादव्यात, धान गर्भावर येऊन निसवायच्या ऐन वेळी दडी मारतो. त्या वेळी तलावातून मिळणाऱ्या एकदोन पाण्यांवर वर्षाचे पीक तरते की जाते हे ठरते. गोंडराजांच्या आश्रयाने इथे वसलेल्या कोहळी समाजाने हे हेरले. नवेगाव बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. डोंगरांमधली खिंड अडवली की केवढे पाणी साठते, हे तिथे उभे राहिले की कळते.

माझे म्हणणे असे की या तलावांचे दुखणे गाळाचे कमी आणि कारभाराचे जास्त आहे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराचा हक्क गेला त्याबरोबर जबाबदारीही गेली, आणि ती उचलणारा एक माणूस उरला नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, पोटातल्या अतिक्रमणाचा प्रश्न महसूलकडे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बेशरमाची झुडपे माजली तर ती कोणी उपटायची?

यावर, मालगुजारांचे गोडवे गाऊ नका, पाळी वेठीने घातल्या गेल्या, असा आक्षेप येतो. तो मला मान्य आहे. मालगुजार परत नकोच. पण त्याच्या अन्यायाबरोबर गावाची पाणीवाटणीही मोडीत काढायची गरज नव्हती. दुसरा आक्षेप अभियंत्यांचा : इटियाडोहसारखे धरण असताना या डबक्यांचे काय? धरण कालव्याखालच्या शेताला पाणी देते, नदीवरची योजना शहराला देते. गोंदिया शहरही वैनगंगेवरच विसंबून आहे. कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावाच्या विहिरीत पाणी कोण आणणार? तलावाच्या पाळीखालची विहीर जास्त दिवस टिकते ती झिरप्यामुळे. बोअर मारणाऱ्यासाठीही भूजल कुठून तरी भरून यावेच लागते.

तिसरा आक्षेप कृतीतून दिसतो. यंत्र लावून तळ खोल खणला की काम झाले, असे मानले जाते. पण जुन्या तलावाचे तुडुम जरा नीट बघा. पाळीच्या आतल्या अंगाला एकाखाली एक भोके, खुंट्यांनी बंद केलेली. पाणी उतरत जाईल तसतशी खालची खुंटी काढायची. सर्वांत खालच्या भोकापेक्षा खोल खणलेले पाणी शेतात आपसूक जात नाही. त्याला पंप लागतो. शिवाय चिकणमातीचा तळ फुटला तर तलाव गळू लागतो, आणि उथळ काठ गेला की पाणवनस्पती जाते, मासोळीची वीण जाते. ढिवरांचे पोट त्या काठावरच आहे. गाळ काढायला माझा विरोध नाही, तो शेतात टाकावाच. आधी तुडुमाची पातळी मोजा, सांडवा आणि आवक-नाले तपासा, इतकेच म्हणणे आहे. वरच्या तलावाचा सांडवा खालच्याला भरतो, म्हणून एकट्या तलावाचे अंदाजपत्रक अपुरेच ठरते. साखळीतल्या सगळ्या तलावांचे एकत्र अंदाजपत्रक व्हावे, आणि खुंटी केव्हा काढायची हे शेतकरी, ढिवर आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया यांच्या ग्रामसभेने ठरवावे. मंजुरीच्या नमुन्यात आज त्यासाठी रकाना नसेल, तर तो घालून घेण्याचा ठराव या परिषदेने आजच करावा.