अस्थिशल्यविद्या आणि आपली तरुण मंडळी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



उत्सवाच्या दिवशीं मोडलेल्या हाडांविषयीं बोलावें हें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु आपल्यापैकीं किती जण पिंपरी, भोसरी व चाकण येथील कारखान्यांत यंत्रापुढें उभे राहतात, आणि किती जण पुणें-नाशिक रस्त्यानें रोज दुचाकीवरून जातात, हें मनांत आणलें म्हणजे विषय आपल्या दारांतलाच आहे असें दिसून येईल. शिवाय आपलीं कांहीं मुलेंमुली वैद्यकाचा अभ्यास करीत आहेत. पुढें हाडांचे डॉक्टर व्हावें काय, असें तीं व त्यांचे आईबाप मला विचारतात. माझें उत्तर असें: ही विद्या श्रमिकांच्या सेवेंतून वाढली आहे, आणि रोगी आपल्या कामावर परतला म्हणजेच तिचें काम पुरें होतें. हें ज्यास मान्य असेल त्यानें अवश्य या वाटेनें जावें.

या विद्येचें पाश्चात्त्य नांव फ्रान्समधील निकोलस आन्द्री या वैद्यानें १७४१ सालीं योजिलें. 'सरळ' व 'बालक' अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तें बनलें आहे. वाकड्या रोपास काठी बांधावी तद्वत् मुलांचें शरीर सरळ वाढवावें, ही त्याची कल्पना. पुढें लिव्हरपूल बंदरांत ह्यू ओवेन टॉमस नांवाचे वैद्य झाले. त्यांचे वाडवडील आपल्याकडील हाडवैद्यांप्रमाणें परंपरेनें हाडें बसवीत. वडिलांनीं मात्र मुलांस रीतसर वैद्यकशाळेंत धाडिलें. टॉमस हे रविवारीं गरिबांस विनामूल्य तपाशीत. मोडलेला पाय स्थिर ठेवणारी त्यांची लोखंडी चौकट आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. त्यांच्या पत्नीचे भाचे रॉबर्ट जोन्स हे १८८८ सालीं मँचेस्टरच्या जहाजी कालव्याच्या कामावर मुख्य शल्यवैद्य झाले. तेथें हजारों मजूर खपत होते व अपघात नित्याचे होते. जोन्स यांनीं कालव्याच्या कांठानें रुग्णालयें व प्रथमोपचाराचीं ठाणीं यांची सांखळीच उभारली. पुढें पहिल्या महायुद्धांत मामांच्या चौकटीचा प्रसार करून त्यांनीं असंख्य सैनिकांचे प्राण वाचविले.

त्या कालव्याच्या जागीं आपला औद्योगिक पट्टा कल्पून पाहा. पत्रा कापणारी व वांकविणारी प्रेस क्षणार्धांत बोट तोडते. असा प्रसंग आला तर तुटलेलें बोट स्वच्छ ओलसर फडक्यांत गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवींत घालावें, पिशवीचें तोंड बांधावें व ती बर्फावर ठेवावी; बोट थेट बर्फांत कदापि घालूं नये. मग रोग्यास विनाविलंब मोठ्या रुग्णालयांत न्यावें. बोट जोडलें तरी तें आखडून राहिलें तर कामगाराच्या हातीं पान्हा कसा ठरावा? म्हणून शस्त्रक्रियेनंतर व्यायाम व देखरेख महिनोन् महिने चालतात. चतुर डॉक्टर टांके काढून मोकळा होत नाहीं. रोगी कोणतें काम करतो हें तो आधीं विचारतो.

वांकडें जुळलेलें हाड काय करतें, याचें उदाहरण आपल्या परिचयाचें आहे. लोयोलाच्या संत इग्नाशियस यांचा पाय १५२१ सालीं पाम्प्लोना येथें तोफेच्या गोळ्यानें मोडला. तो नीट न जुळल्यामुळें पुन्हां मोडून बसविला, वर आलेलें हाड कापून काढिलें, आणि हें सर्व भूल दिल्यावांचून. तरीही ते जन्मभर किंचित् लंगडत. आज क्ष-किरण आहेत, भूल आहे. तरी मुका मार समजून चोळून घेण्याची व घट्ट पट्टी बांधण्याची संवय आपल्यांत उरलीच आहे. घट्ट पट्टीनें रक्त अडून हात निकामी होतो, हें प्रत्येक घरीं ठाऊक असावें.

आतां मार्ग पाहूं. एम. बी. बी. एस. चा अभ्यास आंतरवासितेच्या एका वर्षासह साडेपांच वर्षांचा. नंतर 'नीट पीजी' ही प्रवेशपरीक्षा. ती पहिल्याच खेपेस साधेल असा भरंवसा नाहीं. मग एम. एस. किंवा डी. एन. बी. साठीं तीन वर्षें. हाताच्या वा मणक्याच्या शस्त्रक्रियेंत विशेष प्रावीण्य हवें तर आणखी एकदोन. अठराव्या वर्षीं निघालेला विद्यार्थी स्वतंत्र काम करूं लागेपर्यंत तिशी गांठतो. सुदैवानें शिक्षणस्थानें दूर नाहींत. पुण्यास बी. जे. शासकीय महाविद्यालय व ससून रुग्णालय आहे. पिंपरींत १९९६ सालीं निघालेलें डॉ. डी. वाय. पाटील महाविद्यालय आहे. आणि महानगरपालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालयांतही पदव्युत्तर शिक्षण मिळतें.

हीं तीन वर्षें ग्रंथापेक्षां हातानें शिकण्याचीं. अपघात विभागांतील जागरण, प्लास्टर घालणें, ज्येष्ठांच्या शस्त्रक्रियेंत तासन् तास पाय धरून उभें राहणें, यांतूनच कसब येतें. शस्त्र केव्हां धरावें यापेक्षां केव्हां धरूं नये हें शिकणें कठीण; मुलांचीं पुष्कळशीं हाडें प्लास्टरनेंच उत्तम जुळतात. हें काम पुरुषांचेंच, असा एक समज आहे. हाड बसविण्यास युक्ति व धीर लागतो, आणि हे गुण आपल्या मुलींत भरपूर आहेत. त्यांस या वाटेवरून परत फिरवूं नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतों. खासगी महाविद्यालयाचें शुल्क वर्षाला लाखांनीं मोजावें लागतें. भारी कर्ज डोक्यावर घेऊन निघालेल्या तरुण डॉक्टरास, जेथें प्लास्टर पुरे तेथें शस्त्रक्रिया करण्याचा मोह पडूं शकतो. त्या कर्जाचें व्याज मग रोगी भरतो. म्हणून हा प्रश्न एका घराचा नाहीं. गुणी पण गरीब विद्यार्थ्यास परीक्षेच्या वर्षीं ग्रंथ, राहण्याची सोय व बिनव्याजी रक्कम देण्याचा संकल्प या महोत्सवीं आपण केला, तर रोषणाई मालवल्यावरही उत्सव टिकेल.

पुण्याचे डॉ. कांतिलाल हस्तिमल संचेती यांनीं १९६५ सालीं आपलें रुग्णालय काढिलें. पुढें भारतीयांच्या बांध्यास व राहणीस जुळेल असा 'इंडस' नांवाचा कृत्रिम गुडघा घडविला. २०१२ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. रोग्याची राहणी पाहून उपचार योजणें, हाच त्यांच्या कार्यापासून घ्यावयाचा धडा.

तरुणहो, ज्या हातांच्या कमाईवर तुम्हीं शिकलांत, ते हात यंत्रापाशीं राबत आहेत. त्यांची निगा राखावयास शिका, आणि शिकून याच पट्ट्यांत परत या.