दक्षिण दिशेचे ऋण

(हायस्कूल पूर्ण करून महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निरोप समारंभातील भाषण)





संस्थेच्या रविवारच्या वर्गात शिकविणाऱ्या सर्वांच्या वतीने चार शब्द बोलण्याची जबाबदारी आमच्यावर आली आहे. आमच्यापैकी कोणी अभियंता, कोणी परिचारिका, कोणी गृहिणी. आम्ही स्वतः व्यवसायाने डॉक्टर. शिक्षकाची पदवी आमच्यापैकी कोणाकडेच नाही. तरीही तुम्ही आम्हांला काका, मावशी, आत्या म्हणत इतकी वर्षे शिकलात, हे तुमचे औदार्यच होय.

या महिन्यात तुम्ही टोपी व झगा घालून अमेरिकेतील आपापल्या शाळांच्या मंचावरून चालत गेलात. नावे पुकारली गेली, टाळ्या झाल्या, टोप्या आकाशात उडाल्या. आमच्या वेळी मराठवाड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत असे काही नव्हते. दहावीच्या परीक्षेपूर्वी नववीचा वर्ग निरोप समारंभ करी. पोहे होत, एक सामूहिक छायाचित्र निघे, वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचे घड्याळ भेट दिले जाई. मग गुरुजी बोलत. त्यांचा उपदेश साधा असे : हॉलतिकीट विसरू नका, दोन पेन जवळ ठेवा, घाबरू नका. परीक्षेचे केंद्र तालुक्याच्या गावी होते. तेथे आमच्या एका गुरुजींनी आम्हां चौघांना परीक्षा संपेपर्यंत आपल्या भाड्याच्या खोलीत ठेवून घेतले आणि स्वतः खिचडी शिजवून घातली. त्या खोलीचे भाडे आम्ही आजही फेडतो आहोत, असे आम्हांला वाटते.

परंतु कृतज्ञतेविषयी बोलताना आपल्या समाजाने एक प्रश्न टाळू नये. ज्या शाळांनी आपल्या पूर्वजांना दाराबाहेर बसविले, त्या शाळांचे आभार आपण कसे मानावेत? परमपूज्य बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. पाण्याच्या भांड्याला त्यांना हात लावता येत नसे. मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये ते फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गात गलका झाला. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छाही शाळेत पुरी होऊ शकली नाही. हे सारे त्यांनी कधी विसरले नाही, आणि तुम्हीही विसरू नये.

मात्र त्याच साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी होते. ते मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातील भाजी-भाकरी या विद्यार्थ्याला देत. त्यांचेच आडनाव बाबासाहेबांनी धारण केले, असे चरित्रकार सांगतात. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्यानिमित्त सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्यांच्या हाती दिले. पुढे महाराजा सयाजीराव गायकवाडांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकणारेही केळूसकरच. निरोपाच्या प्रसंगी दिलेले एक पुस्तक कोठवर पोहोचते, हे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी पाहिले. अन्याय विसरावयाचा नाही आणि उपकारही विसरावयाचा नाही, हा बाबासाहेबांनी घालून दिलेला धडा आहे.

आपल्या धम्माने हे नाते नेमक्या शब्दांत बांधले आहे. सिगालोवाद सुत्तात राजगृहाजवळ सहा दिशांना नमस्कार करणारा सिगाल नावाचा तरुण तथागतांना भेटतो. तथागत त्याला सांगतात की, या दिशा म्हणजे माणसांची नाती होत. आणि त्यांत दक्षिण दिशा आचार्यांची. रूढीने जी दिशा अशुभ ठरविली, तीच तथागतांनी शिक्षकांना दिली. शिष्याने आचार्यांचा आदर करावा, सेवा करावी, मन लावून शिकावे, असे पाच धर्म त्यांनी सांगितले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आचार्यांचेही पाच धर्म त्यांनी सांगितले. चांगले वळण लावावे, नीट समजेल असे शिकवावे, विद्या हातची राखू नये, आपल्या मित्रमंडळींत शिष्याची ओळख करून द्यावी आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण करावे. हे नाते दुहेरी आहे. येथे एकलव्याचा अंगठा कोणी मागत नाही.

तुमच्या शाळेतील शिक्षकांनी रात्री जागून तुमच्यासाठी जी शिफारसपत्रे लिहिली, तो या पाचांपैकी चौथा धर्म होय. त्यांनी सुत्त वाचले नसेल; पण ते पाळले. कोलंबिया विद्यापीठातून बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा प्राध्यापक सेलिग्मन यांनीही तेथील विद्वानांसाठी त्यांना परिचयपत्रे दिली होती.

आणि आदर म्हणजे होयबा होणे नव्हे. 1923 साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना लिहिली लंडनमधील त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. आपल्या शिष्याची अनेक मते आपल्याला मान्य नाहीत, हे त्यांनी त्या प्रस्तावनेतच स्पष्ट केले, आणि तरीही त्याच्या विचारांच्या ताजेपणाचे कौतुक केले. गुरूशी मतभेद ठेवण्याचे धैर्य शिष्यात असावे आणि ते पचविण्याचे मोठेपण गुरूत असावे. प्राध्यापक जॉन ड्यूई यांचे ऋण बाबासाहेबांनी आयुष्यभर मानले. 1952 च्या जूनमध्ये सन्माननीय पदवी स्वीकारण्यासाठी ते न्यूयॉर्कला आले. ड्यूई यांना भेटण्याची त्यांची उत्कट इच्छा होती. पण ड्यूई 1 जूनलाच निवर्तले. पदवीदान झाले 5 जूनला. आभार मानावयाचे असतील तर वेळेवर मानावेत, हे या चार दिवसांनी आपल्याला शिकवावे.

काही ऋणे मात्र ज्याची त्याला फेडताच येत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयात आमचे पहिले गुरू शवविच्छेदनाच्या टेबलावर होते. त्या काळी बहुधा बेवारस देहच तेथे येत. ज्याला अंत्यसंस्कारालाही कोणी नव्हते, त्याने आम्हांला माणसाचे हृदय दाखविले. त्याचे नाव आम्हांला ठाऊक नाही. त्याचे आभार मानावेत असे त्याच्या घरचे कोणी नाही. हे ऋण आम्ही रुग्णांना फेडतो. मागचे ऋण पुढच्याला फेडावे, हाच आमच्या व्यवसायाचा नियम आहे, आणि आपल्या चळवळीचाही. बाबासाहेबांनी शिकून परतल्यावर स्वतःपुरते पाहिले असते, तर 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली नसती, मुंबईला सिद्धार्थ आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले नसते, आणि आपल्यातील कित्येकांचे माता-पिता पदवीधर झाले नसते. मग आपण या सभागृहात तरी कोठून असतो?

आता आमच्या बाजूने आभार. वर्ग सुरू झाला तेव्हा, लहान वयात मुलांना जातीविषयी काय सांगावे, या संकोचाने आम्ही विषय टाळीत होतो. तुमच्यातील एका मुलीने विचारले, “बाबासाहेबांच्या वर्गातली बाकीची मुले गप्प का बसली?” त्या प्रश्नाने आमचा संकोच मोडला. तो प्रश्न आम्ही घरी नेला, एकमेकांना विचारला, गावाकडे फोन करून आई-वडिलांना विचारला. जे त्यांनी आयुष्यभर सांगितले नव्हते, ते आम्हांला तेव्हा कळले. या शिकवणीबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत.

जाताना उपदेश थोडकाच. पहिली गोष्ट : पुढच्या रविवारपूर्वी आपल्या एका शिक्षकाला स्वहस्ते पत्र लिहा, आणि त्यांनी नेमके काय दिले ते त्यात लिहा. दुसरी : महाविद्यालयात कोणी आडनावावरून, वर्णावरून किंवा उच्चारावरून एकट्या पडलेल्या मुलाला हसेल, तेव्हा गप्प बसणाऱ्यांत बसू नका. तिसरी : सुट्टीत घरी याल तेव्हा या वर्गात या, आणि तुमच्या मागच्या मुलांना एखादे गणित, एखादा निबंध शिकवा. आणि शेवटी, आजारी पडाल तर लपवू नका, झोप मोडू नका, आईला फोन करा. हा डॉक्टरचा सल्ला समजा.

माता-पित्यांनाही एक विनंती आहे. आपण कर भरतो म्हणून शिक्षक शिकवितात, अशी भाषा मुलांसमोर नको. आपल्यालाही गावाकडे एखादे गुरुजी, एखाद्या बाई असतील. त्या हयात असतील तर आज रात्रीच फोन करा. भारतात तेव्हा सकाळ असेल.

विद्यार्थ्यांनो, आचार्यांचा पाचवा धर्म सर्व दिशांना रक्षण करण्याचा. आम्ही प्रत्येक गावी तुमच्याबरोबर येऊ शकणार नाही. पण येथे शिकलेला स्वाभिमान, शील आणि प्रश्न विचारण्याची सवय तुमच्याबरोबर येईल. तीच तुमचे रक्षण करो, ही मंगलकामना.

जयभीम! नमो बुद्धाय!