वहीत सापडलेल्या वन्सं

मागच्या महिन्यात आमच्या गटात एक कादंबरी वाचून झाली. दोन अनोळखी माणसं, आणि शेवटी ती एकाच घरची निघतात. आम्ही हसलो, म्हटलं हे पुस्तकातच होतं. आमच्यातली एक जण मात्र गप्प बसली. नंतर तिनं जे सांगितलं, ते तिला विचारूनच आज सांगतोय.

सासूबाईंच्या अस्थी घेऊन ती आणि मालक नाशिकला रामकुंडावर गेले होते. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी वही काढतात. कोण कधी आलं, कोणाचा मुलगा, बरोबर कोण, खाली सही नाहीतर अंगठा. फार जुनी पानं मोडीत. सासऱ्यांचं नाव निघालं. पुढं बायकोचं नाव होतं, पण ते सासूबाईंचं नव्हतं. आणि एक मुलगी.

एसटीत मालक पाथर्डीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी म्हाताऱ्या चुलत सासूनं तोंड उघडलं. पहिलीला मुलगी झाली, पुन्हा दिवस गेले नाहीत, म्हणून तिला माहेरी नेऊन घातली. ती तिकडंच वारली. मुलगी मामांनी वाढवली आणि शेवगाव तालुक्यात दिली.

विचारत विचारत दोघं गेले. वन्सं सत्तरीच्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, भाच्यांची नावंसुद्धा. दरवर्षी रंगपंचमीला त्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेला येत. आपल्या बापाच्या गावचा फाटा आला की जीपमध्ये पदर पुढं ओढून बसत.

आता धाकटा दीर म्हणतो, ही हिस्सा मागायला येईल. आम्हाला वाटतं, गुपित एवढी वर्षं राहिलं ते लाजेपेक्षा ह्याच भीतीनं. १९५६ च्या कायद्यानं मुलीला बापाची वारस केलं, २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. आई पहिली होती की दुसरी, त्यानं मुलीचं नातं बदलत नाही. वन्सं म्हणाल्या, मला जमीन नको. गटातल्या काही जणी लगेच म्हणाल्या, किती मोठ्या मनाची! आम्ही म्हटलं, थांबा. बाईनं सोडलं की मन मोठं आणि मागितलं की घरफोडी, हा कुठला हिशोब? हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायचा का नाही, ते त्यांनी सावकाश ठरवावं. तोवर कोणी कागद पुढं करू नये.

त्यांनी एकच मागितलं. आईचं नाव कुठं लिहिलंय ते डोळ्यांनी बघायचंय. आईचा फोटो नाही, काही नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात सरकारी कागदावर आईचं नाव लागतं. वन्संच्या आईचं नाव त्या एका वहीत आहे.

दिवाळी झाली की नाशिकला जायचं ठरलंय, आमच्यातल्या दोघी सोबत. परवा वन्संचा फोन आला होता. विचारत होत्या, त्या वहीत बाईला सही करू देतात का? त्यांना सही येते. आम्ही म्हटलं, गुरुजींना विचारू.