ग्रहांची नावे आणि ग्रहांचे भय

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



1855 साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एका कुणब्याच्या गरोदर बायकोला जोशी ग्रहपीडेचे भय घालतो आणि त्या गरीब जोडप्याला नाडतो, हा त्या नाटकाचा विषय. फसवणूक उमगल्यावर ती दोघे जोशाशी भांडत बसत नाहीत. शाळेत जाऊन शिकायचे ठरवतात. ग्रहांच्या भयावर शिक्षण हाच उतारा, असे जोतीरावांचे निदान होते.

या गोष्टीला 170 वर्षे उलटली. शाळा गावोगावी गेली. मुले सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतची नावे घडाघडा म्हणतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. पण त्याच घरात थोरल्या बहिणीचे ठरत आलेले लग्न पत्रिकेतल्या मंगळामुळे मोडते, आणि पाठांतर करणाऱ्या मुलाला त्यात काही विसंगत वाटत नाही. एक मंगळ परीक्षेपुरता, दुसरा संसारापुरता. जोतीरावांचे निदान चुकले असे नव्हे. त्यांनी सांगितलेले औषध शाळेने दिलेच नाही.

शाळेने दिली ती नावे. ग्रह आठ आहेत असे गुरुजी सांगतात, नऊ आहेत असे भटजी सांगतात. लहान मुलाच्या दृष्टीने दोन्ही वडीलधाऱ्यांचेच शब्द. एकाच्या हाती पाठ्यपुस्तक, दुसऱ्याच्या हाती पंचांग, दोन्ही छापीलच. पुस्तकात आहे म्हणून खरे मानावे, एवढेच ज्याला शिकवले, त्याने पंचांग खोटे का मानावे? म्हणून ग्रह किती, या प्रश्नापाशी धडा संपता कामा नये. हे कशावरून कळले, या प्रश्नापासून तो सुरू झाला पाहिजे.

नवग्रहांचाच हिशेब वर्गात मांडावा. त्यातला सूर्य हा तारा, चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह. राहू आणि केतू हे तर गोलच नव्हेत; चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जेथे छेदतो ते दोन बिंदू. ग्रहणे सावल्यांमुळे होतात हे आर्यभटाने इसवी सन 499 मध्येच लिहून ठेवले आहे. नवातून चार गेले, उरले पाच. त्यांत पायाखालची पृथ्वी, 1781 मध्ये सापडलेला युरेनस आणि 1846 मधला नेपच्यून मिळवले की आठ. मुलाने स्वतः केलेली ही वजाबाकी-बेरीज तो विसरणार नाही.

मग कोणी विचारील, प्लूटोचे काय? 1930 पासून तो नववा ग्रह म्हणून शिकवला गेला आणि 2006 साली शास्त्रज्ञांनी त्याला त्या यादीतून काढले. पुष्कळ शिक्षकांना हा प्रश्न अडचणीचा वाटतो. वास्तविक याहून चांगला धडा नाही. प्लूटोच्या पलीकडे तेवढाच दुसरा गोल सापडला, तेव्हा दोघांना एकच न्याय लावावा लागला. पुरावा आला की मत बदलायचे आणि ते चारचौघांत सांगायचे, ही विज्ञानाची रीत. राहूला असे कोणी कधी रजा दिल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा दोष चित्रांचा. पुस्तकाच्या एका पानावर सगळे ग्रह सूर्याला खेटून बसवावे लागतात. तेच मुलांच्या डोक्यात राहते आणि इतक्या जवळचे ग्रह माणसाला पीडा देत असतील, हेही मग पटते. त्यावर उपाय मैदानात आहे. 14 सेंटिमीटर व्यासाचे पपनस म्हणजे सूर्य मानला, तर पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी भरते आणि तिला 15 मीटरवर ठेवावे लागते. मंगळ हा खसखशीचा दाणा, 23 मीटरवर. गुरू म्हणजे लहानसे बोर, तेही 78 मीटर लांब. शनी जवळजवळ तेवढाच, 143 मीटरवर. तुरीच्या दाण्याएवढा नेपच्यून मांडायला शाळेपासून 450 मीटर चालत जावे लागेल. मधली सगळी जागा रिकामी. ती पायांनी मोजलेल्या मुलाला खसखशीच्या दाण्याने बहिणीचे लग्न कसे मोडते, असा प्रश्न आपोआप पडेल. तो शिक्षकाने विचारण्याची गरज नाही.

शनीचेही तसेच. त्याला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणून बारा राशींपैकी एकेकीत तो सुमारे अडीच वर्षे दिसतो. अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षे. साडेसातीचे सगळे गूढ ते एवढेच, लांबच्या ग्रहाची संथ चाल. शिवाय कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशी, म्हणजे चौथा हिस्सा माणसे साडेसातीत असणारच. 1982 च्या संपानंतर मुंबईचे गिरणी कामगार देशोधडीला लागले. त्यांच्या राशी बारा होत्या. साडेसाती मात्र सर्वांना एकच लागली, आणि ती आकाशातून आलेली नव्हती.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. मुलाच्या आईने शनिवारी तेल वाहिले म्हणून वर्गात तिची टवाळी करू नये. तिच्या भयामागे आजारपण, कर्ज, बेकारी अशी खरी दुःखे असतात. आईची लाज वाटायला लावणारे विज्ञान मूल घरी नेत नाही. त्याऐवजी मुलाने संध्याकाळी तिचा हात धरून तिला अंगणात न्यावे, शुक्राची चांदणी दाखवावी आणि सांगावे की हाच तो शुक्र, पृथ्वीएवढाच एक गोल, सूर्याच्या उजेडाने चमकणारा.

यासाठी अनुदान लागत नाही. मुंबईत 1977 पासून नेहरू तारांगण आहे. तेथवर पोचणे वाडीवस्तीवरच्या मुलाला सोपे नाही. पण मुंबईच्या मुलाला दिव्यांच्या झगमगाटात न दिसणारे आकाश त्याच्या छपरावर रोज फुकट उघडते. एखादा तेजस्वी ग्रह निवडून तो कोणत्या ताऱ्यांजवळ आहे याची दर आठवड्याला वहीत खूण करावी. दोन-तीन महिन्यांत तो ताऱ्यांमधून सरकलेला दिसतो. ज्योतिषाला कुंडलीत दिसणारी ग्रहाची चाल त्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेली असते.

वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे 1976 पासून संविधानाने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य लिहिल्याने दृष्टी येत नाही. ज्या मुलाने ‘कशावरून?’ हा प्रश्न शनीला विचारला, तो पुढे सावकाराला, ठेकेदाराला आणि सरकारलाही विचारील. पक्षालाही विचारील, आणि तेही इष्टच आहे. तेव्हा शिबिरातून परतल्यावर प्रत्येक कार्यकर्त्याने एका शाळेत एक तास मागून घ्यावा. जाताना एक पपनस आणि चिमूटभर मोहरी-खसखस बरोबर न्यावी.