नव्या पैशाची अकरावी

पूर्वीच्या मुंबई राज्यात अकरावी हा शाळेचा शेवटचा वर्ग होता. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि तो मान अकरावीकडून गेला. तोपर्यंत मात्र ‘मुलगा यंदा अकरावीत आहे’ हे वाक्य घरोघरी काहीशा खालच्या आवाजात उच्चारले जाई. ऐकणाराही सहानुभूतीने मान हलवी आणि प्रकृती कशी आहे असे विचारी.

सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी, नदीकाठच्या जुन्या वाड्यात भरणाऱ्या हायस्कुलातील १९५७-५८ ची अकरावी अशीच होती. वर्गात चाळीसएक विद्यार्थी. पैकी सहा मुली. या मुली तास सुरू होण्यापूर्वी कोपऱ्यातील खोलीत थांबत, मास्तरांच्या मागोमाग ओळीने वर्गात येत आणि तास संपताच त्यांच्याच मागोमाग निघून जात. त्यामुळे वर्षभर एका छपराखाली बसूनही मुलांना मुलींविषयी जी माहिती होती, ती मुख्यतः त्यांच्या वेण्यांपुरती मर्यादित होती.

जूनमध्ये शाळा उघडली ती रिकाम्या बाकांनिशी. त्या उन्हाळ्यात आशियाई फ्ल्यूची साथ देशभर पसरली होती. हजेरी घेताना एकेका नावापुढे ‘गैरहजर’ लिहून वर्गशिक्षकांचा हात दुखू लागला, आणि पुढच्या आठवड्यात ते स्वतःच गैरहजर राहिले. गणिताचे मास्तर तर पुरते दहा दिवस अंथरुणावर होते. त्या दहा दिवसांत वर्गाने स्वावलंबनाने जे अध्ययन केले, त्याच्या खुणा बाकांवर कर्कटकाने कोरलेल्या कितीतरी वर्षे दिसत होत्या.

मास्तर परतले ते अशक्त होऊन. पण त्यांचे खरे दुखणे वेगळेच होते. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी सुरू झाली होती. सोळा आण्यांचा आणि एकशे ब्याण्णव पैंचा रुपया एकाएकी शंभर नव्या पैशांचा झाला. ज्या गृहस्थाने उभी हयात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी पाठ करवून घेण्यात वेचली, छडीलाही ज्यात विसावा दिला नाही, त्याला हा आघात मोठाच होता. ‘शून्य सरकवले की झाला हिशेब! मग डोके कशाला हवे?’ असे ते उद्वेगाने म्हणत. वर्गाला मात्र या सुधारणेत कोणताच दोष दिसत नव्हता.

तथापि सुधारणा वाटली तितकी सरळ नव्हती. जुनी आणि नवी नाणी काही वर्षे जोडीने चालणार होती, आणि एका आण्याचे होत होते सव्वासहा नवे पैसे. सव्वा पैसा कोणाच्याच खिशात नसल्यामुळे सरकारने तक्ता काढला : एका आण्याला सहा नवे पैसे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. हा तक्ता शाळेच्या फलकावर लागला आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीने त्यातली भानगड सर्वांआधी हेरली. ती गावातल्या एका किराणा दुकानदाराची मुलगी. सुटीत वडिलांच्या वहीची बेरीज तीच करी. तीन आण्यांच्या शेंगा एकदम घेतल्या तर एकोणीस नवे पैसे पडतात, पण आण्याआण्याच्या तीनदा घेतल्या तर अठरातच भागते, हे तिने मैत्रिणीच्या वहीत लिहून दाखविले. वही मुलांच्या बाकांपर्यंत कशी पोहोचली याचा उलगडा कधीच झाला नाही. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुटीत फाटकाशी बसणाऱ्या शेंगावाल्या आजीपुढे एकेक आण्याच्या गिऱ्हाइकांची रांग लागली.

आजीला अक्षर येत नव्हते, पण ती चार दिवसांत सावध झाली. तिने आण्याचे माप मोडले आणि जुन्या एका पैशाच्या लहान लहान पुड्या बांधून ठेवल्या. तक्त्याप्रमाणे जुन्या एका पैशाचे नवे पैसे होत दोन. म्हणजे आण्याच्या चार पुड्यांना आठ! ‘पोरांनो, सरकारनं तक्ता तुमच्याएवढाच माझ्यासाठी बी काढलाय,’ असे म्हणून ती पैसे कनवटीला लावी. हा सारा व्यवहार गणिताच्या मास्तरांच्या कानी गेला तेव्हा मुले छडीच्या तयारीने बसली. मास्तरांनी मात्र त्या मुलीला फळ्यापाशी बोलावून दोन्ही हिशेब मांडायला लावले आणि फ्ल्यूनंतर प्रथमच प्रसन्न मुद्रेने ते म्हणाले, ‘अपूर्णांक अजून जिवंत आहे!’

ऑक्टोबरच्या चार तारखेला रशियाने स्पुट्निक आकाशात सोडला. सुमारे शहाण्णव मिनिटांत पृथ्वीला एक फेरी, हे वाचून भूगोलाच्या मास्तरांनी शिकवणे बाजूला ठेवून ग्रहांची गती समजावून सांगितली : चंद्राला महिना लागतो, पृथ्वीला वर्ष, गुरूला बारा वर्षे, शनीला सुमारे तीस. मुले पहाटे गच्चीवर जमू लागली. त्या चेंडूएवढ्या गोळ्याचे नुसत्या डोळ्यांना दर्शन होणे कठीणच होते. जगभर लोकांना जो सरकता तारा दिसला तो बहुधा त्याच्या अग्निबाणाचा मागे राहिलेला भाग. एवढे तारतम्य गच्चीवर कोणाला असणार? एकाने तर स्पुट्निक हनुमंताच्या देवळामागे उतरताना पाहिला आणि तो आठ दिवस आपल्या म्हणण्यावर ठाम होता.

डिसेंबरात सहल निघाली ती प्रतापगडाला. ३० नोव्हेंबरला पंडित नेहरूंच्या हस्ते तेथे शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले होते आणि त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्र समितीने वाटेवर काळ्या निशाणांनी निदर्शने केली होती. वर्गात दोन्ही बाजूंचे कडवे पुरस्कर्ते होते. एस. टी. पसरणीचा घाट चढू लागली तसा वादही चढू लागला. इतिहासाच्या मास्तरांचे मत विचारले, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहत अफझलखानाच्या वधाचे साल विचारले. दोन्ही पक्षांना ते आले नाही. १६५९ हे उत्तर मागच्या बाजूने, त्या शेंगांच्या हिशेबवालीकडून आले आणि वाद तेथेच मिटला.

याच मुलीची गोष्ट पुढे साऱ्या वर्गाची होऊन बसली. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो तोच बातमी आली की तिचे लग्न ठरले, मुहूर्त फाल्गुनातला. शालान्त परीक्षा मार्चमध्ये, म्हणजे त्याच सुमारास. वडिलांच्या मते यात अडचण कसलीच नव्हती. परीक्षा दरवर्षी येते, असे स्थळ दरवर्षी येत नाही. हेडमास्तर स्वतः दुकानी जाऊन आले. दुकानदाराने त्यांना चहा पाजला, आदराने फाटकापर्यंत पोहोचविले आणि नकार दिला. वर्गातल्या मुलांनी एक लेखी अर्ज तयार केला. पण मुलांनी मुलीसाठी अर्ज केल्यास प्रकरण भलतेच वळण घेईल, असे मॉनिटरच्या ध्यानी आले आणि तो अर्ज नदीत सोडण्यात आला. मुलगी मात्र शाळेत येत राहिली. मास्तरांच्या मागून येई, मास्तरांच्या मागून जाई. वहीत पूर्वी हिशेब असत, आता बरीच पाने कोरी राहू लागली.

शेवटी संस्कृतचे शास्त्रीबुवा उठले. साठीला आलेले हे गृहस्थ असत्य भाषणाचा मनस्वी तिटकारा करीत. गृहपाठ घरी राहिला असे सांगणाऱ्या मुलाबरोबर ते त्याच्या घरापर्यंत चालत जात. पंचांग हा त्यांचा दुसरा विषय. सरकारने २२ मार्च १९५७ पासून नवी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, तेव्हा तिच्या बऱ्यावाईटावर त्यांनी वर्गात दोन तास घेतले होते. गावातले सगळे मुहूर्त त्यांच्याकडूनच जात. एका संध्याकाळी पंचांग बगलेत मारून ते दुकानात गेले आणि पोत्यावर बसून म्हणाले, ‘शेठ, उतावीळ होऊ नका. मुलीला गुरुबळ आहे, ते फाल्गुनात मोडेल. वैशाखापर्यंत थांबा.’

हेडमास्तरांच्या पदवीने जे साधले नाही ते या एका शब्दाने साधले. वरपक्षाला पत्र गेले, त्यांच्याकडूनही होकार आला. लग्न वैशाखात गेले आणि मुलीचा परीक्षेचा अर्ज कायम राहिला.

मार्चमध्ये सारा वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी परीक्षेला गेला. मुले धर्मशाळेत उतरली, मुली नातेवाइकांकडे, आणि देखरेखीला शास्त्रीबुवा. अंकगणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी ती मुलगी नमस्काराला आली. नमस्कार झाला तरी ती जाईना.

‘काय गं, काही अडलं आहे का?’

‘शास्त्रीबुवा, एक विचारू? भूगोलाच्या मास्तरांनी सांगितलं, गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षं लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत तो वर्षभर असतो. मग फाल्गुनात जे बळ मोडणार होतं, ते दोन महिन्यांत वैशाखात परत कसं येणार?’

शास्त्रीबुवांनी उपरणे सावरले. आजूबाजूला बसलेल्या मुलांनी पुस्तकातून माना वर काढल्या.

‘यंदा श्लेष अलंकार शिकवला, तेव्हा तू वर्गात होतीस ना?’ त्यांनी विचारले.

‘होते.’

‘मग नीट आठव. मी तुझ्या वडिलांना गुरुबळ म्हणालो. बृहस्पती म्हणालो नाही.’ एवढे बोलून ते उठले आणि उद्या पेन्सिलींना टोके करून आणण्याविषयी सर्वांना बजावू लागले.