अभिनयाची पारख आणि पुरस्कारांचे मोल

(सिहोरा, ता. तुमसर, जि. भंडारा येथे रसिकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



धानाची कापणी आटोपली, मळणी झाली आणि दिवाळीनंतरच्या मंडईचे दिवस आले की, या परिसरात संध्याकाळच्या गप्पांना वेगळाच रंग चढतो. कोणत्या गावी कोणते नाटक लागले, कोणत्या नटाने काल रात्र गाजवली आणि कोणाचा आवाज पहाटेपर्यंत टिकला नाही, याची चर्चा पारावर आणि चहाच्या टपरीवर होते. त्याच ओघात नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटांचा विषय निघतो आणि मग एक प्रश्न हमखास पुढे येतो : 'अमक्याला पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता का?'

१ ऑगस्ट २०२५ रोजी २०२३ या वर्षासाठीचे ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा हा प्रश्न देशभर विचारला गेला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान 'जवान'साठी शाहरुख खान आणि 'ट्वेल्थ फेल'साठी विक्रांत मॅसी यांना विभागून देण्यात आला. एकीकडे तीन दशके कोट्यवधींच्या मनावर राज्य करणारा तारा, तर दुसरीकडे खेड्यातून आलेल्या, नापास होऊनही पुन्हा उभे राहणाऱ्या विद्यार्थ्याची व्यक्तिरेखा जगणारा नट. कोणी आनंदला, कोणी रुष्ट झाला. त्या वादात एक मूलभूत गोष्ट मात्र बाजूला राहिली. अभिनय म्हणजे काय, तो ओळखायचा कसा, याचा विचार फारसा झाला नाही.

भरतमुनींची कसोटी

या विचारासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. राष्ट्रीय पुरस्कारांचा प्रारंभ १९५४ साली झाला, पण अभिनयाचे पुरस्कार आरंभापासून नव्हते. ते १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले. पहिले मानकरी होते बंगालचे उत्तमकुमार आणि 'रात और दिन'साठी नर्गिस. आरंभीच्या काळात अभिनेत्याच्या सन्मानाला 'भरत पुरस्कार' आणि अभिनेत्रीच्या सन्मानाला 'ऊर्वशी पुरस्कार' असे नाव होते. पुढे ही नावे गेली, परंतु त्यामागची दृष्टी विसरण्याजोगी नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. शरीराच्या हालचालींचा तो आंगिक, वाणीचा तो वाचिक, वेष-अलंकार-रंगभूषेचा तो आहार्य आणि अंतःकरणातून उमटणारा तो सात्त्विक. पहिले तीन प्रयत्नाने साधतात, पैशानेही काही अंशी साधतात. आजच्या चित्रपटात तर यंत्राच्या साहाय्याने नटाला आकाशात उडवता येते आणि त्याचे वय वीस वर्षांनी कमी करता येते. परंतु डोळ्यांत दाटून आलेले पाणी खरे आहे की नाही, हे प्रेक्षकाला क्षणात कळते. चौथा प्रकार विकत मिळत नाही.

मराठी चित्रपटांतील पुरस्कारप्राप्त भूमिका या कसोटीवर लावून पाहाव्यात. राजीव पाटील दिग्दर्शित 'जोगवा'तील भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना २००८ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देवीच्या नावाने सोडलेला, पुरुष असूनही लुगडे नेसावे लागलेला हा जोगता. येथे आहार्य अभिनय इतका ठळक आहे की, सामान्य नट त्या लुगड्यातच हरवला असता. लिमये यांनी लुगड्याआड कोंडलेल्या माणसाची घुसमट दाखवली. 'देऊळ'मधील भोळ्या केश्यासाठी गिरीश कुलकर्णी यांना २०११ या वर्षाचा, तर 'अनुमती'तील वृद्ध पतीच्या भूमिकेसाठी विक्रम गोखले यांना २०१२ या वर्षाचा हाच सन्मान लाभला. गोखले यांचा पुरस्कार 'पानसिंग तोमर'मधील इरफान खान यांच्यासमवेत विभागून होता. एक नट धावतो, बंदूक हाती घेतो. दुसरा रुग्णालयाच्या दाराशी पत्नीच्या जीवन-मरणाच्या निर्णयापुढे थिजून उभा राहतो. निवड समितीने दोघांनाही एकाच पंक्तीला बसवले, यात औचित्य होते.

अभिनेत्रींच्या बाबतीतही हेच दिसते. 'बाबू बॅन्ड बाजा'मध्ये मुलाने शिकावे म्हणून परिस्थितीशी आणि प्रसंगी घरधन्याशीही झगडणारी आई मिताली जगताप यांनी उभी केली. 'धग'मध्ये स्मशानाच्या कामाशी बांधलेल्या कुटुंबातील आई उषा जाधव यांनी साकारली. अनुक्रमे २०१० आणि २०१२ या वर्षांचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पुरस्कार त्यांना मिळाले. या दोघींची नावे तेव्हा मोठ्या फलकांवर नव्हती. पुरस्काराचे खरे मोल येथेच कळते. जेथे प्रसिद्धीचा प्रकाश पोहोचत नाही, तेथे तो दिवा नेतो.

पुरस्काराच्या मर्यादा

पुरस्कार म्हणजे अंतिम निवाडा, असे मात्र मानू नये. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' या चित्रपटाला मिळाले. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. पण अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला नाही; तो तेव्हा अस्तित्वातच नव्हता! म्हणून ती आई कमी ठरली काय? सात दशके उलटली, तरी तिची आठवण निघताच आजही वडीलधाऱ्यांचा कंठ दाटतो.

संदीप सावंत यांच्या 'श्वास'चे उदाहरणही बोलके आहे. नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, हे कळलेला आजोबा त्याला अखेरचे जग डोळे भरून पाहू देतो. २००३ या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'श्वास'ला मिळाला, छोट्या अश्विन चितळेला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला आणि २००४ साली तो भारताकडून ऑस्करसाठी पाठवला गेला. आजोबा झालेले अरुण नलावडे यांना मात्र अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला नाही. त्या वर्षी तो 'पितामगन' या तमिळ चित्रपटातील विक्रम यांच्याकडे गेला. तेही काम मोठेच होते. एका वर्षी दोन थोर भूमिका येतात आणि मानचिन्ह एकाच हाती जाते, हा सर्वच स्पर्धांचा स्वभाव आहे.

'कोर्ट' या चित्रपटाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. २०१४ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेल्या या कलाकृतीत लोकशाहिराची भूमिका नागपूरच्या वीरा साथीदार यांनी केली. त्यांच्या विचारांशी अनेकांचे मतभेद होते आणि असू शकतात. पण पडद्यावर ते उभे राहतात, तेव्हा नट उभा आहे असे वाटतच नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले. मत न पटणाऱ्याच्या कलेलाही मनमोकळी दाद देणे, हे रसिकतेचे पहिले लक्षण होय.

चैत्या आणि त्याची भावंडे

अलीकडील सर्वांत आनंदाची वार्ता बालकलाकारांची आहे. ७१व्या पुरस्कारांत पाच बालकलाकारांचा गौरव झाला आणि त्यांपैकी चौघे मराठी चित्रपटांतील होते. 'जिप्सी'साठी कबीर खंदारे, तर 'नाळ २'साठी त्रीशा ठोसर, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटही 'नाळ २'च ठरला. २३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पुरस्कार स्वीकारायला साडी नेसून आलेली चिमुकली त्रीशा साऱ्या देशाने कौतुकाने पाहिली.

यातील श्रीनिवास हा अमरावतीचा. सुधाकर रेड्डी यक्कंटी दिग्दर्शित 'नाळ'मध्ये त्याने चैत्या साकारला आणि २०१८ या वर्षाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. ज्या आईच्या कुशीत वाढलो, ती जन्मदात्री नव्हे, हे कळलेल्या मुलाची ती कथा. पाच वर्षांनी तोच चैत्या थोडा मोठा होऊन आपल्या सख्ख्या भावंडांना भेटला आणि त्याच भूमिकेने त्याला पुन्हा सन्मान मिळवून दिला. त्याच्या तोंडी पुण्या-मुंबईची पुस्तकी भाषा नाही, विदर्भाच्या मातीची बोली आहे. ती बोली कोणाला हसवण्यासाठी योजलेली नाही; तिच्यातून एक मूल आईला शोधते. विदर्भाची बोली म्हणजे विनोदी पात्राची बोली, ही पडद्यावरची जुनी समजूत या मुलाने खोटी ठरवली.

झाडीपट्टीची नजर

चांदपूरच्या तलावाच्या आणि वैनगंगेच्या या परिसराला हे सांगण्याचे कारण आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत यांची परंपरा आहे आणि तिच्याच जोडीला रात्रभर चालणारी नाटके आहेत. वडसा येथून निघणाऱ्या मंडळ्या हंगामात गावोगाव फिरतात. येथे नटाला चूक सुधारण्याची दुसरी संधी मिळत नाही. कडाक्याच्या थंडीत, कनातीत बसलेले प्रेक्षक पहाटेपर्यंत जागचे हलले नाहीत, तर काम जमले. उठून गेले, तर फसले. ही निवड समिती दररात्री बसते! २०२३ साली या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 'पद्मश्री' मिळाली, तेव्हा शासनाने त्यांच्याबरोबर या प्रेक्षकांच्या पारखेवरही मोहोर उमटवली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि येथील लोककलांचा जो अभ्यास केला, त्यामागेही याच ठेव्याविषयीची आस्था आहे.

असे असताना हाच प्रेक्षक चित्रपटाविषयी बोलताना संकोचतो. 'मोठ्या शहरातले लोक ठरवतील, आम्हाला काय कळते?' असे म्हणतो, किंवा तिकीटखिडकीवरच्या कोटींच्या आकड्यांवरून नटाची उंची मोजतो. दोन्ही गोष्टी त्याला शोभत नाहीत. ज्याने नटाचा खरा हुंदका आणि खोटा हुंदका रात्रभर जागून वेगळा ओळखला, त्याला पडद्यावरचा हुंदका ओळखणे कठीण नाही.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. दिल्लीत गौरवलेले मराठी चित्रपट छोट्या गावांच्या वाट्याला क्वचितच येतात. चित्रपटगृह आले तरी खेळ थोडे, प्रेक्षक त्याहून थोडे. पुरस्काराची बातमी वाचून अभिमान वाटतो, पण तो चित्रपट पाहिलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. न पाहता केलेला अभिमान कलावंताच्या उपयोगाचा नसतो आणि प्रेक्षक नसेल तर पुढचा 'श्वास' किंवा पुढची 'नाळ' निर्माण करण्याचे धाडस कोण करील? 'श्वास'ला ऑस्करच्या वाटेवर पैशाची अडचण आली, तेव्हा महाराष्ट्रातील सामान्य माणसांनी आपणहून हातभार लावला होता. ती आपुलकी एका प्रसंगापुरती राहू नये.

यासाठी मोठ्या योजनांची गरज नाही. शाळेत, वाचनालयात किंवा समाजमंदिरात महिन्यातून एकदा गावाने रीतसर परवानगीने एक चांगला मराठी चित्रपट एकत्र पाहावा आणि नंतर तासभर त्यावर बोलावे. बोलताना नटाचे नाव किती मोठे, हे विचारू नये; त्याने भूमिकेला किती न्याय दिला, हे विचारावे. आजोबांनी नातवाला 'श्यामची आई' दाखवावी, नातवाने आजोबांना चैत्या दाखवावा. मतभेद होतील, ते व्हावेतच.

झाडीबोलीत हसणारा-रडणारा एखादा मुलगा उद्या याच परिसरातून पडद्यावर जाईल, ही अपेक्षा अवास्तव नाही. अमरावतीच्या मुलाने ती वाट दाखवली आहे. त्या मुलाला दिल्लीत मानचिन्ह मिळेल तेव्हा मिळो. त्याचे काम प्रथम सिहोऱ्याने पाहिलेले असावे आणि ते चांगले आहे, हे दिल्लीच्या आधी सिहोऱ्याने सांगितलेले असावे.