तापणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा बंदोबस्त

जहागिरीच्या अमदानीत, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी ज्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग चालविला, तेथे आता कापडावरील नक्षी संगणकावर रेखाटली जाते. आणि हवेत तरंगणारे कापसाचे सूक्ष्म तंतू मागांप्रमाणेच संगणकाच्या पंख्यांतही मुक्काम ठोकतात. ग्राफिक्स कार्ड तापू लागले, की प्रथम हा कचरा काढावा. तेवढ्याने भागले नाही, तरच थर्मल पेस्टकडे वळावे.

चिप आणि तिच्यावरील धातूचा हीटसिंक हे दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांस कितीही गुळगुळीत भासले, तरी त्यांच्या सूक्ष्म खळग्यांत हवा दडलेली असते. आणि तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रतिमीटर-केल्विन असताना हवेची अवघी ०.०२६ असल्यामुळे, ती उष्णतेची वाट अडवून धरते. पेस्ट या हवेस हुसकावून तिची जागा घेते, एवढेच तिचे कार्य. ती स्वतः तांब्याहून पुष्कळ मंदवाहक असल्याने तिचा थर पातळच हवा. लोण्यासारखी थापण्याची हौस येथे व्यर्थ होय. जुना, वाळलेला लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच नवा द्यावा. पेस्टऐवजी गॅलियमयुक्त द्रवधातू लावण्याचा मोह ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर मात्र कटाक्षाने टाळावा, कारण गॅलियम त्या धातूस पोखरते.

ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे चिप ठरावीक वेगाहून अधिक पळविण्याच्या, हौशी मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे, की चिपची उष्णता वारंवारतेच्या पटीत, परंतु विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा लेपाने मिळालेली काही अंशांची सवलत दाब किंचित वाढविताच खर्ची पडते.